सरासरीची शाब्दिक उदाहरणे असमीकरणाने सोडवताना: आधी बेरीज, मग चिन्ह

प्रश्न असा आहे: चार चाचण्यांत ७२, ८५, ६८ आणि ७९ गुण मिळालेत, प्रत्येक चाचणी १०० गुणांची. पाचव्या चाचणीत किती गुण मिळाले म्हणजे पाचही चाचण्यांची सरासरी किमान ७५ होईल? समीकरण मांडलं तरी ७१ येतंच, मग असमीकरण, म्हणजे ‘=’ ऐवजी ≥ किंवा ≤ सारखं चिन्ह असलेली मांडणी, कशाला? आणि ‘किमान’, ‘पेक्षा जास्त’, ‘जास्तीत जास्त’ असे शब्द आले की चिन्ह कोणतं घ्यायचं?

समीकरणातून आलेलं ७१ ही उत्तराची फक्त हद्द आहे. हद्दीच्या कोणत्या बाजूला उत्तर आहे, ती हद्द स्वतः उत्तरात धरायची की नाही, आणि दुसऱ्या टोकाला उत्तर कुठे थांबतं, या तीन गोष्टी समीकरण सांगत नाही. सोप्या उदाहरणात त्या अंदाजाने कळतात, म्हणून असमीकरण उगाच वाटतं. उदाहरण थोडं वाकडं झालं, म्हणजे अज्ञात छेदात गेला, वेग आला, गट दोन झाले, की अंदाज फसतो. तेव्हा सवय सोप्या उदाहरणावरच लावून घ्यावी.

सरासरीची अट बेरजेत बदला

पाच चाचण्यांची सरासरी किमान ७५ याचा अर्थ पाच चाचण्यांच्या गुणांची बेरीज किमान ३७५. हे वाक्य कागदावर शब्दांत लिहा, नुसतं मनात ठेवू नका. त्यानंतर पाचव्या चाचणीचे गुण क्ष धरले की मांडणी सरळ आहे:

७२ + ८५ + ६८ + ७९ = ३०४
३०४ + क्ष ≥ ५ × ७५
क्ष ≥ ३७५ − ३०४
क्ष ≥ ७१

इथे बरेच जण थांबतात. पण ‘क्ष ≥ ७१’ मध्ये ५०० गुणही बसतात. चाचणी १०० गुणांची आहे, म्हणून प्रश्नात न लिहिलेली दुसरी अट आपण लिहायची: ० ≤ क्ष ≤ १००. दोन्ही अटी एकत्र केल्यावर उत्तर येतं ७१ ≤ क्ष ≤ १००.

ही दुसरी अट केवळ टापटिपीसाठी नसते. त्याच चार चाचण्या घ्या आणि सरासरी किमान ८० हवी म्हणा. क्ष ≥ ४०० − ३०४, म्हणजे ९६. अवघड, पण शक्य. आता किमान ८१ हवी म्हणा. क्ष ≥ ४०५ − ३०४ = १०१. असमीकरण अगदी बरोबर सुटलं, तरी उकल नाही, कारण १०१ गुण मिळूच शकत नाहीत. ‘हे शक्य नाही’ हेही पूर्ण उत्तर आहे आणि ते तसं स्पष्ट लिहायला हवं.

याच अटीतून आणखी एक उपयोगाची गोष्ट निघते. पाचव्या चाचणीत शून्य मिळालं तर सरासरी ३०४ ÷ ५ = ६०.८, आणि पैकीच्या पैकी मिळाले तर ४०४ ÷ ५ = ८०.८. म्हणजे चार चाचण्या झाल्यावर सरासरीला फिरायला ६०.८ ते ८०.८ एवढीच जागा उरते. या पट्ट्याची रुंदी नेहमी एका चाचणीचे कमाल गुण भागिले एकूण चाचण्या इतकी असते, इथे १०० ÷ ५ = २०. उदाहरण सोडवण्याआधी हा पट्टा काढला तर विचारलेली सरासरी आवाक्यात आहे की नाही हे दोन ओळींत कळतं.

मांडणीत होणाऱ्या चुका उत्तरावरून ओळखा

याच उदाहरणाची तीन चुकीची उत्तरं वारंवार दिसतात आणि प्रत्येकामागचं कारण वेगळं असतं.

उत्तर ‘क्ष ≥ −११४५’ आलं, तर कंस विसरला आहे. ३०४ + क्ष ÷ ५ ≥ ७५ असं लिहिलं की फक्त क्ष ला भाग जातो. ऋण गुण पाहून चूक लगेच लक्षात यायला हवी.

उत्तर ‘क्ष ≥ −४’ आलं, तर ५ ऐवजी ४ ने भागलं आहे. नवी चाचणी बेरजेत घेतली, संख्येत धरली नाही.

उत्तर ‘क्ष ≥ ७४’ आलं, तर ती चूक सगळ्यांत फसवी, कारण आकडा पटण्यासारखा दिसतो. आधीच्या चार चाचण्यांची सरासरी ३०४ ÷ ४ = ७६ काढली, मग (७६ + क्ष) ÷ २ ≥ ७५ मांडलं. यात चार चाचण्यांचं आणि एका चाचणीचं वजन सारखं धरलं गेलं. ७६ ही चार चाचण्यांची सरासरी आहे, तेव्हा ती बेरजेत ४ × ७६ म्हणूनच यायला हवी.

तूट आणि शिल्लक

मोठ्या बेरजा टाळण्याची एक रीत आहे आणि ती निव्वळ तोंडी हिशोबापुरती नाही. असमीकरण कशामुळे सुटतं ते तिच्यात उघड दिसतं. हव्या असलेल्या सरासरीपासून प्रत्येक संख्या किती वर किंवा किती खाली आहे ते लिहा. ७५ च्या तुलनेत ७२ म्हणजे −३, ८५ म्हणजे +१०, ६८ म्हणजे −७, ७९ म्हणजे +४. यांची बेरीज +४. सरासरी किमान ७५ राहायची तर सगळ्या फरकांची बेरीज शून्य किंवा त्याहून जास्त हवी. हाताशी ४ ची शिल्लक आहे, म्हणून पाचवी चाचणी ७५ च्या खाली जास्तीत जास्त ४ ने जाऊ शकते. ७५ − ४ = ७१.

जमाखर्चासारखंच हे आहे: शिल्लक असेल तितकाच खर्च करता येतो, तूट असेल तर ती आधी भरून काढावी लागते. पुढे अज्ञात संख्येच्या उदाहरणात हीच रीत फार कामाला येते.

कोणत्या शब्दाला कोणतं चिन्ह

‘किमान’, ‘कमीत कमी’, ‘निदान’, ‘पेक्षा कमी नको’, ‘च्या खाली जाऊ नये’ या सगळ्यांना ≥. ‘कमाल’, ‘जास्तीत जास्त’, ‘पेक्षा जास्त नको’, ‘ओलांडू नये’, ‘पर्यंत’ यांना ≤. ‘पेक्षा जास्त’ म्हणजे > आणि ‘पेक्षा कमी’ म्हणजे <. यांत हद्द येत नाही. ‘दरम्यान’ हा शब्द संदिग्ध आहे. टोकं धरायची की नाहीत हे प्रश्नात सांगितलेलं नसेल, तर आपण काय धरलं ते उत्तरात लिहून टाकावं.

सर्वाधिक गोंधळ एका वाक्यात दोन ‘किमान’ आले की होतो. ‘सरासरी किमान ७५ होण्यासाठी किमान किती गुण हवेत?’ यातला पहिला ‘किमान’ ही अट आहे, त्यातून ≥ येतं. दुसरा ‘किमान’ हा प्रश्न आहे. उकलीतली सर्वांत लहान संख्या तो विचारतो. दुसऱ्या ‘किमान’चा असमीकरणाच्या चिन्हाशी काहीही संबंध नाही. वाक्य वाचताना अट एका रंगाने आणि प्रश्न दुसऱ्या रंगाने अधोरेखित केला तर हा घोळ होत नाही.

दुसरी अडचण ‘चांगलं’ म्हणजे ‘मोठं’ असं गृहीत धरण्याची. धावपटूने चार फेऱ्या ७७, ८०, ८१ आणि ७६ सेकंदांत पूर्ण केल्या. पाच फेऱ्यांची सरासरी वेळ ७८ सेकंदांच्या आत हवी, बरोबर ७८ चालेल. इथे कमी वेळ म्हणजे चांगली कामगिरी, म्हणून ३१४ + क्ष ≤ ३९० आणि क्ष ≤ ७६. गुणांच्या उदाहरणांची सवय लागलेला हात इथेही ≥ लिहून मोकळा होतो. चिन्ह लिहिण्यापूर्वी एकच गोष्ट स्वतःला विचारा: क्ष वाढला तर अट पाळणं सोपं होतं की अवघड? सोपं होत असेल तर क्ष ची किमान हद्द निघेल, अवघड होत असेल तर कमाल. हे आधी ठरवून ठेवलं की शेवटी आलेलं चिन्ह ताडून पाहता येतं.

दोन्ही बाजूंनी बांधलेली अट असली तरी रीत तीच. पहिल्या उदाहरणातल्या गुणांची सरासरी ७० ते ७४ मध्ये हवी, टोकं धरून: ३५० ≤ ३०४ + क्ष ≤ ३७०, म्हणून ४६ ≤ क्ष ≤ ६६. तिन्ही भागांतून एकदमच ३०४ वजा करायचे. फक्त एका भागातून वजा करून दुसरा विसरणं हीच इथली नेहमीची चूक.

पूर्णांक कधी करायचा, आणि कशाचा

‘सरासरी ७५ पेक्षा जास्त हवी’ असं म्हटलं तर क्ष > ७१. गुण पूर्णांकातच दिले जात असतील तर किमान ७२. अर्धा गुण देण्याची पद्धत असेल तर ७१.५ पुरतात. म्हणजे ‘क्ष कोणत्या संख्या घेऊ शकतो’ ही माहिती उत्तर बदलते, आणि ती प्रश्नातून शोधून काढावी लागते.

सरासरी जवळच्या पूर्णांकात लिहायची असेल तर अट सैल होते. ‘सरासरी ७५ लिहिली गेली’ याचा अर्थ खरी सरासरी ७४.५ किंवा जास्त, पण ७५.५ पेक्षा कमी. बेरजेत बदला: ३७२.५ ≤ ३०४ + क्ष < ३७७.५, म्हणजे ६८.५ ≤ क्ष < ७३.५. पूर्णांकी गुण ६९ ते ७३. पडताळा: ३७३ ÷ ५ = ७४.६ आणि ३७७ ÷ ५ = ७५.४, दोन्ही ७५ लिहिले जातात. ६८ घेतले तर ३७२ ÷ ५ = ७४.४, ते ७४ होतात. डावीकडे ≤ आणि उजवीकडे < का, याकडे नीट पाहा. ७४.५ वर जातो आणि ७५.५ ही वरच जातो, म्हणजे ७६ होतो.

क्ष ≥ ९.४३ आलं तर १०, क्ष ≤ ९.४३ आलं तर ९. जवळचा पूर्णांक घेण्याचा नियम असमीकरणाच्या उत्तराला लावू नये. ९.४३ ला ९ जवळ आहे म्हणून ९ लिहिलं, तर पहिली अट मोडते.

किती वेळा लागेल: अज्ञात छेदात

सहा चाचण्यांची सरासरी ६४ आहे. यापुढे प्रत्येक चाचणीत ८२ गुण मिळत गेले, तर एकूण सरासरी किमान ७५ व्हायला आणखी किती चाचण्या लागतील? चाचण्यांची संख्या न धरू.

(६ × ६४ + ८२न) ÷ (६ + न) ≥ ७५

आता छेदात अज्ञात आहे. असमीकरणाला अज्ञात राशीने गुणायचं असेल तर ती धन आहे की ऋण हे माहीत असायला हवं, कारण ऋण राशीने गुणल्यावर चिन्ह उलटतं. इथे ६ + न ही चाचण्यांची संख्या आहे, ती धनच असणार. ही ओळ लिहा आणि मगच गुणा:

३८४ + ८२न ≥ ४५० + ७५न
७न ≥ ६६
न ≥ ९.४२…

म्हणून १० चाचण्या. पडताळा दोन्ही बाजूंचा करा. न = १० ला १२०४ ÷ १६ = ७५.२५, अट पाळली. न = ९ ला ११२२ ÷ १५ = ७४.८, अट मोडली. एकाच संख्येचा पडताळा अर्धवट असतो. हद्दीच्या अलीकडची संख्या नापास होते हे दिसलं, तरच ‘किमान’ सिद्ध झालं.

तूट-शिल्लकीने हेच एका ओळीत होतं. सहा चाचण्यांत प्रत्येकी ११ ची तूट, एकूण ६६. नवी प्रत्येक चाचणी ७ भरते. ६६ ÷ ७, वरचा पूर्णांक १०.

आता अट बदला: सरासरी किमान ८२ हवी. ३८४ + ८२न ≥ ४९२ + ८२न, म्हणजे ३८४ ≥ ४९२. न नाहीसा झाला आणि उरलेलं विधान खोटं आहे. कितीही चाचण्या दिल्या तरी सरासरी ८२ ला पोचत नाही, फक्त जवळ जात राहते. जुनी तूट आहे आणि नव्या चाचण्या शिल्लक टाकतच नाहीत. अज्ञात निघून गेला की गोंधळून पुन्हा सुरुवात करू नका. उरलेलं विधान खरं असेल तर प्रत्येक संख्या उकल आहे, खोटं असेल तर एकही नाही.

संख्या वाढण्याऐवजी घटत असेल तर छेदाची काळजी खरोखर घ्यावी लागते. बारा मोजमापांची सरासरी ५० आहे आणि त्यांतली काही मोजमापं नेमकी ३० आहेत. ३० ची किती मोजमापं वगळली तर उरलेल्यांची सरासरी किमान ५८ होईल? (६०० − ३०क) ÷ (१२ − क) ≥ ५८. इथे १२ − क धन राहायला क < १२ हवा. तो लिहून गुणलं की ६०० − ३०क ≥ ६९६ − ५८क, म्हणजे २८क ≥ ९६ आणि क ≥ ३.४२…. उत्तर किमान ४; चार वगळल्यावर ४८० ÷ ८ = ६०, तीन वगळल्यावर ५१० ÷ ९ = ५६.६… मिळतात. क < १२ लिहिलं नसतं, तर २८क ≥ ९६ या ओळीने १३ आणि २० लाही मान्यता दिली असती. शिवाय ३० ची जितकी मोजमापं हाताशी आहेत, त्याहून जास्त वगळता येणार नाहीत, ही मर्यादाही आहेच.

दोन गट आणि सरासरीची सरासरी

एका गटात २० जण, सरासरी ६० गुण. दुसऱ्या गटात ३० जण. दोन्ही मिळून सरासरी किमान ६८ हवी, तर दुसऱ्या गटाची सरासरी किती हवी?

(६० + क्ष) ÷ २ ≥ ६८ मांडलं तर ७६ येतं आणि ते चूक आहे. बेरजेने: १२०० + ३०क्ष ≥ ५० × ६८ = ३४००, म्हणून ३०क्ष ≥ २२०० आणि क्ष ≥ ७३.३३…. दुसरा गट मोठा आहे, त्यामुळे त्याला तितकं वर जावं लागत नाही.

आता इथे एक बारीक मुद्दा आहे. गुण पूर्णांकी असले तरी क्ष ला ७४ करायचं नाही. क्ष ही ३० जणांची सरासरी आहे आणि सरासरी अपूर्णांकात येऊ शकते. पूर्णांकी असायला हवी ती बेरीज, आणि २२०० ही बेरीज पूर्णांकीच आहे. तेव्हा ७३⅓ हीच खरी हद्द. पूर्णांकाची अट ज्या राशीला लागू आहे तिथेच लावायची. मोजणीत न ला, गुणांत एकेकाच्या गुणांना किंवा त्यांच्या बेरजेला.

उदाहरण उलटं केलं, म्हणजे दुसऱ्या गटाची सरासरी ७४ दिली आणि त्यात किमान किती जण हवेत असं विचारलं, तर १२०० + ७४म ≥ ६८(२० + म), म्हणजे ६म ≥ १६० आणि म ≥ २६.६…. इथे माणसं मोजतोय, म्हणून २७. सत्तावीस जणांनी ३१९८ ÷ ४७ म्हणजे ६८.०४ येतात, सव्वीस जणांनी ३१२४ ÷ ४६ म्हणजे ६७.९१. एकत्रित सरासरी नेहमी दोन गटांच्या सरासऱ्यांच्या मध्येच पडते, तेव्हा या दोन गटांकडून कोणी ७५ मागितली तर गणित न करताच नाही म्हणता येतं.

सरासरी वेग

या उदाहरणात असमीकरण सर्वांत जास्त चकवतं. १२० किमी अंतर. पहिले ६० किमी ताशी ४० किमी वेगाने कापले. संपूर्ण प्रवासाचा सरासरी वेग ताशी किमान ६० किमी हवा, तर उरलेले ६० किमी किती वेगाने जावं लागेल?

(४० + क्ष) ÷ २ ≥ ६० वरून ८० येतं, आणि ते सपशेल चूक. सरासरी वेग म्हणजे एकूण अंतर भागिले एकूण वेळ. दोन टप्प्यांची अंतरं सारखी आहेत, वेळ सारखी नाही. हळू टप्प्यात जास्त वेळ जातो, म्हणून त्याचं वजन जास्त पडतं.

इथे बेरीज वेगांची करायची नसते, वेळेची करायची. अट बदलताना चिन्हही उलटतं: वेग किमान ६० म्हणजे १२० किमीला वेळ जास्तीत जास्त १२० ÷ ६० = २ तास. पहिल्या टप्प्यात ६० ÷ ४० = १.५ तास गेले. उरले ते जास्तीत जास्त ०.५ तास. त्यात ६० किमी कापायचे, म्हणजे वेग ताशी किमान १२० किमी. ‘किमान वेग’ मधून ‘कमाल वेळ’ आणि तिथून पुन्हा ‘किमान वेग’, असं चिन्ह दोनदा फिरतं. दोन धन संख्यांचे व्यस्त (१ भागिले ती संख्या) घेतले की लहानमोठेपणा उलटतो, त्याचाच हा परिणाम.

सरासरी वेग किमान ८० हवा असेल तर एकूण वेळ जास्तीत जास्त १.५ तास. तेवढा वेळ पहिल्या टप्प्यातच संपला, तेव्हा दुसऱ्या टप्प्यात कितीही वेगाने गेलं तरी जमणार नाही. निम्मं अंतर एका वेगाने कापलं की संपूर्ण प्रवासाचा सरासरी वेग त्याच्या दुपटीला कधीच पोचत नाही. ‘वेगांची सरासरी’ वापरणाऱ्याला इथे १२० असं गोंडस उत्तर मिळतं आणि अशक्य गोष्ट शक्य वाटते.

सर्वांत कमी गुण वगळायचे असतील तर

पाच चाचण्यांपैकी सर्वांत कमी गुणांची एक सोडून उरलेल्या चारांची सरासरी धरायची, असा नियम असेल तर एकच असमीकरण पुरत नाही. कोणती चाचणी वगळली जाईल हे क्ष वरच अवलंबून आहे. पहिल्याच उदाहरणातले गुण घेऊ.

क्ष ≤ ६८ असेल तर क्ष च वगळला जातो आणि सरासरी ३०४ ÷ ४ = ७६ राहते. क्ष > ६८ असेल तर ६८ वगळले जातात आणि सरासरी (२३६ + क्ष) ÷ ४ होते. किमान ७५ हवी असेल तर काहीच करायला नको. शून्य मिळालं तरी ७६ आहेच. किमान ७८ हवी असेल तर पहिला प्रकार बाद होतो आणि दुसऱ्यात २३६ + क्ष ≥ ३१२, म्हणून क्ष ≥ ७६. हा ७६ आपल्या गृहीताशी, म्हणजे क्ष > ६८ शी जुळतो का, हे पाहणं बंधनकारक आहे. इथे जुळतो. प्रकार पाडून सोडवलेल्या उदाहरणात निघालेली उकल त्या प्रकाराच्या हद्दीबाहेर गेली, तर ती टाकून द्यावी लागते.

सरासरी दिली आहे, एखादी संख्या किती मोठी असू शकते?

या जातीच्या उदाहरणात असमीकरण लिहिण्याआधी ते शोधावं लागतं. पाच वेगवेगळ्या धन पूर्णांकांची सरासरी १२ आहे. सर्वांत मोठा जास्तीत जास्त किती? बेरीज ६० ठरलेली आहे. एकाला जास्तीत जास्त द्यायचं तर बाकीच्यांना कमीत कमी द्या: १ + २ + ३ + ४ = १०. म्हणून मोठा ≤ ५०. सर्वांत मोठा कमीत कमी किती, असं विचारलं तर उलट विचार, सगळ्यांना जवळजवळ ठेवायचं: १०, ११, १२, १३, १४, तेव्हा मोठा ≥ १४. मध्यक, म्हणजे चढत्या क्रमातली मधली संख्या, १३ आहे अशी आणखी अट घातली, तर लहान दोन १ आणि २, मधला १३, त्यानंतरचा किमान १४, यांची बेरीज ३० आणि सर्वांत मोठा जास्तीत जास्त ३०. ‘वेगवेगळ्या’ हा शब्द निसटला की ही तिन्ही उत्तरं बदलतात.

वरची मर्यादा असलेल्या गुणांत हेच उलट्या दिशेने वापरतात. सहा चाचण्यांची सरासरी ८५, प्रत्येक १०० ची. बेरीज ५१०. बाकी पाचांत जास्तीत जास्त ५००, म्हणून सर्वांत कमी गुण किमान १०. सर्व गुण वेगवेगळे आणि पूर्णांकी असतील तर पाचांत जास्तीत जास्त १०० + ९९ + ९८ + ९७ + ९६ = ४९०, आणि हद्द २० वर जाते. हद्द काढल्यावर ती गाठणारा संच लिहून दाखवा, जसा इथे २०, ९६, ९७, ९८, ९९, १००. असा संच मिळाला नाही, तर काढलेली हद्द खरी असली तरी ती नेमकी हद्द आहे हे सिद्ध होत नाही.

संख्या मोजण्याचं शेवटचं उदाहरण, कारण ऋण संख्येने भागताना चिन्ह उलटण्याचा प्रसंग त्यात सहज येतो. पन्नास जणांची सरासरी ६०, गुण पूर्णांकी, १०० पैकी. ४० पेक्षा कमी गुण मिळालेले जास्तीत जास्त किती जण असू शकतील? त्यांची संख्या क धरू. बेरीज ३००० आहे. क जणांना प्रत्येकी जास्तीत जास्त ३९, बाकीच्यांना जास्तीत जास्त १००, आणि एवढ्यातून ३००० निघायलाच हवेत:

३९क + १००(५० − क) ≥ ३०००
५००० − ६१क ≥ ३०००
−६१क ≥ −२०००
क ≤ ३२.७८…

शेवटच्या पायरीत −६१ ने भागलं, म्हणून ≥ चं ≤ झालं. हे विसरण्याची भीती वाटत असेल तर ६१क उजवीकडे आणि ३००० डावीकडे न्या: २००० ≥ ६१क. ऋण संख्येने भागण्याची वेळच येत नाही. उत्तर ३२. तेवढ्यांना ३९ आणि अठरा जणांना १०० दिले तर ३०४८ होतात, त्यांतले ४८ कमी गुणवाल्यांपैकी काही जणांच्या गुणांतून मिळून काढून ३००० नेमके जुळवता येतात. ३३ जण घेतले तर १२८७ + १७०० = २९८७, म्हणजे १३ गुण कमीच पडतात.